उजव्या सोंडेची तोफ

आमच्या साडूंचा व्हिडिओ आला तेव्हा मी गुरुग्राममधल्या आमच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मास्क लावून पोहे खात होतो. मास्क लावून पोहे कसे खातात, हे ज्याने दिल्लीच्या आसपास दोन नोव्हेंबर काढलेत त्याला सांगावं लागत नाही. मास्क हनुवटीवर ओढायचा, चमचा तोंडात, मास्क पुन्हा वर. वासाशी आमचा संबंध दिवाळीला सुटतो तो थेट महाशिवरात्रीला पुन्हा जुळतो.

साडू मूळचे निफाडचे. ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावून द्राक्षबागेत औषध मारण्यात त्यांची हयात गेली. सध्या दोघं नवराबायको मिनेसोटात मुलाकडे आहेत. परदेशातली नातवंडं का कोण जाणे, हिवाळ्यातच जन्माला येतात. मुलाचं घर गावाबाहेर, घरापासून रस्त्यापर्यंतची वाट लांबलचक आणि तिच्यावर गुडघाभर बर्फ. म्हणून मुलाने छोटा ट्रॅक्टर घेतलाय आणि त्याच्या मागे बर्फ उडवायचं यंत्र. ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाने मागे फिरणाऱ्या दांड्यावर, ते फिरतं, खालून बर्फ गिळतं आणि वरच्या वाकड्या नळकांड्यातून लांब भिरकावतं. त्या नळकांड्याला साडू ‘सोंड’ म्हणतात. सोंड वळवायला एक हँडल असतं, तेही मागच्या बाजूला. म्हणजे वाटेचं टोक आलं, की उणे वीस तापमानात मान मागे मुरगाळून, जाड हातमोजे घालून ते गरागरा फिरवायचं. नाहीतर आपला बर्फ शेजाऱ्याच्या दारात. साडूंनी हे तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी भंगारातल्या एका गाडीची वायपर मोटर काढून त्यांनी हँडलच्या दांड्याला जोडली. आता सीटवर बसून एक बटण दाबलं की सोंड डावीकडे, दुसरं दाबलं की उजवीकडे. व्हिडिओत साडू बटणं दाबत होते, सोंड आज्ञाधारकपणे वळत होती, बर्फाची पांढरी कमान आभाळात उमटत होती आणि मागून थोरल्या मेव्हणीबाई “अगं बाई!” म्हणत होत्या.

आमच्या हिने तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. आठव्या वेळी तो थांबवून म्हणाली, “ताईचे यजमान बी.ए. आहेत. इतिहास घेऊन.”

एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य संसारात बोलावं लागत नाही. मी इंजिनिअर आहे. केंद्र सरकारच्या एका खात्यात चौतीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढली. एवढ्या वर्षांत मी जे काही फिरवलं त्या फायली होत्या. हातात पाना धरलेला माझा एकच फोटो आहे, तोही खात्याच्या सुवर्णमहोत्सवातला, आणि नीट पाहिलं तर पाना उलटा आहे.

गुरुग्रामला बर्फ पडत नाही. बर्फ कापणारी यंत्रं आपल्या देशात आहेत, पण ती रोहतांगला नि झोजिलाला, सीमा सडक संघटनेच्या ताब्यात. आमच्याकडे नोव्हेंबरात जे येतं त्याला फावडं चालत नाही, कारण ते पडतच नाही, लोंबकळत राहतं. पण आमच्या सोसायटीकडे तोफ होती.

तोफ म्हणजे अँटी-स्मॉग गन. एका पिंपात भलामोठा पंखा, पिंपाच्या तोंडाशी गोल कड्यावर बारीक भोकांच्या तोट्या. तोट्यांतून दाबाने पाणी सोडायचं आणि पंख्याने त्याचं धुकं करून हवेत फेकायचं. थेंबाने धुळीला मिठी मारावी आणि दोघांनी मिळून जमिनीवर यावं, अशी योजना. जाड धूळ भोळी असते, ती येते. खरा अपराधी पीएम 2.5. हा अडीच मायक्रॉनचा कण माणसाच्या केसाहून वीसेक पट बारीक असतो. तो झोताबरोबर थेंबाला अलगद वळसा घालून निघून जातो, हॉटेलात बिल आलं की आमचे एक स्नेही हात धुवायला जातात तसा. डिसेंबर 2017 मध्ये दिल्लीच्या आनंद विहारला या तोफेची पहिली चाचणी झाली आणि तेव्हापासून गाजराच्या हलव्यासारखी तीही इकडच्या हिवाळ्यात घरोघरची झाली. मध्ये इतर इलाजही झाले. ऑगस्ट 2021 मध्ये कनॉट प्लेसला 24 मीटर उंच, 40 पंख्यांचा स्मॉग टॉवर उभा राहिला. ऑक्टोबर 2025 मध्ये कानपूरच्या आयआयटीने विमानातून ढगांवर रसायनं फवारून पाऊस पाडून पाहिला. ढगांत ओल इतकी कमी, की त्यांनी नुसती चव घेतली आणि पुढे गेले.

त्याच वर्षी दिल्ली सरकारने मोठमोठे मॉल, हॉटेलं, ऑफिसांच्या इमारती यांना गच्चीवर तोफा बसवायला सांगितलं. त्यातून राहत्या घरांच्या सोसायट्या वगळल्या होत्या. आणि आम्ही तर दिल्लीतही नाही, हरियाणात. म्हणजे आम्हाला तोफ न घेण्याची दुहेरी मुभा होती. म्हणूनच आमच्या प्रेसिडेंटसाहेबांनी ती घेतली. सक्तीने घेतली तर त्यात कसलं नेतृत्व? मात्र आपोआप फिरणारी तोफ दीड लाखाने महाग होती, म्हणून हँडलवाली घेतली. उद्घाटनाच्या फोटोत हँडल दिसत नाही, हा मुद्दा कमिटीच्या मीटिंगमध्ये निर्णायक ठरला.

तोफ ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीवर बसवलेली. सोबत पाण्याची टाकी आणि डिझेल जनरेटर. यात एक बारीकशी अडचण निघाली. प्रदूषण वाढेल तशी बंधनं चढवत नेणारी ‘ग्रॅप’ नावाची चार पायऱ्यांची योजना इकडे 2017 पासून आहे, आणि तिच्या दुसऱ्याच पायरीवर डिझेल जनरेटर आवळले जातात. म्हणजे हवा बरी असली की तोफ चालवायला हरकत नाही, आणि हवा बिघडली की हवा सुधारणारं यंत्र हवेच्याच हितासाठी बंद. शेवटी क्लबहाऊसमधून मनगटाएवढी जाड केबल ओढून आणली. पाणी एसटीपीचं, म्हणजे सोसायटीचंच, एकदा वापरून शुद्ध करून घेतलेलं. शुद्ध असतं. फक्त आपला पूर्वेतिहास ते विसरलेलं नसतं, आणि तो आसपासच्यांना जाणवत राहतो.

ट्रॅक्टर होता शेजारच्या गावातल्या एका ताऊचा. गावाची शेतं बिल्डरांनी घेतली, ताऊकडे राहिला ट्रॅक्टर आणि दोन म्हशी. तो सकाळी सातला तोफ आणून उभी करी, तिचं तोंड कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटकडे वळवी, स्वीच दाबून विडी पेटवी. तोंड रोज त्या प्लॉटकडेच. मी एकदा विचारलं, “ताऊ, तोंड इमारतींकडे का नाही?”

“बाबूजी,” ताऊ धूर सोडत म्हणाला, “हैंडल घणा भारी सै.”

व्हिडिओ पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कमिटीपुढे उभा राहिलो आणि तोफेला मोटर बसवण्याचं काम विनामोबदला अंगावर घेतलं. टाळ्या पडल्या. विनामोबदला हा शब्द आमच्या सोसायटीत नेहमीच टाळ्या घेतो.

खरेदीसाठी काश्मिरी गेट गाठलं. गुरुग्रामहून यलो लाइनची मेट्रो थेट तिथे नेऊन सोडते, आणि बाहेर पडलं की मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार. तिथे बोळाबोळांतून मोटारी अवयवांच्या रूपात राहतात. एका दुकानात फक्त आरसे, एकात फक्त सायलेन्सर. वायपरवाल्याचं दुकान पाच फूट रुंद, आणि त्यात पाच फूट रुंद वायपरवाला.

“गाडी कौन सी?”

“तोप,” मी म्हणालो.

त्याने चष्मा वर केला. “तोप में वाइपर?”

मी सगळी कथा सांगितली. मिनेसोटा, साडू, सोंड, बर्फ. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि बसची जुनी 12 व्होल्टची मोटर पुढ्यात ठेवली. नारळाएवढी, पण उचलली तर वरवंट्यासारखी जड. तिला बऱ्याच तारा होत्या. त्यातली एक कशाला, विचारलं तर म्हणाला, वायपर कुठेही असताना बंद केलात तरी ही तार त्याला काचेच्या कडेला घरी पोचवते. मला त्या तारेविषयी एकदम आपुलकी वाटली. दिल्लीत मधेच बंद पडल्यावर घरी पोचवणारं दुसरं काही मला आजवर भेटलेलं नाही.

परतताना स्टेशनवरच्या तपासणीत माझी पिशवी यंत्रातून गेली आणि पडद्यापुढे बसलेला माणूस उभा राहिला. धातूचा गोळा, त्यातून निघालेल्या रंगीत तारा, दोन स्वीच, वायरचं भेंडोळं. त्याच्या जागी मी असतो तर मीही उभा राहिलो असतो. “हे काय आहे?” या प्रश्नाला “तोफेचा भाग” हे खरं उत्तर असलं तरी देऊ नये, हे मला दिल्यावर कळलं. पुढची चाळीस मिनिटं मी तिघांना क्रमाक्रमाने साडूंचा व्हिडिओ दाखवला. तिसरे अधिकारी वयस्क होते. त्यांनी तो दोनदा पाहिला, पिशवी परत दिली आणि हळूच विचारलं, “तुमचे साडू कूलर दुरुस्त करतात का?”

वेल्डिंगला आमच्या सेक्टरच्या कडेचा उस्ताद. त्याने तोफेला एक चक्कर मारली आणि म्हणाला, “साहब, हँडल ही को मोटर लगा देते हैं. पंधरा मिनट का काम है.”

हे ऐकायला हवं होतं. साडूंनी तेच केलं होतं. पण साडूंनी केलं तेच करायचं तर मी इंजिनिअर कशाला झालो? मी उस्तादाला सांगितलं, की हँडल आणि त्याचे गिअर म्हणजे मधले दलाल. आपण ते काढून टाकू आणि तोफ ज्या पाटावर फिरते, थेट त्यालाच चेन लावू. मोटरच्या दांड्यावर सायकलचं 18 दात्यांचं फ्रीव्हील, पाटाला सायकलचंच 44 दात्यांचं चक्र. उस्तादाने खांदे उडवले. हँडल काढून ताऊच्या ट्रॅक्टरच्या सीटखाली टाकलं.

रविवारी चाचणी ठेवली. प्रेसिडेंटसाहेब बंदगळा घालून आले. त्यांच्या सौभाग्यवतींनी नारळ आणला. ताऊने विडी विझवली, त्याअर्थी त्यालाही प्रसंगाचं गांभीर्य जाणवलं असावं. पंखा सुरू झाला, धुकं उठलं आणि मी बटण दाबलं.

मिनिटाला 40 फेऱ्या घेणाऱ्या मोटरला 18 दाते आणि समोर 44, म्हणजे तोफेला मिनिटाला सुमारे 16 फेऱ्या. हे गणित सातवीतला मुलगा करतो. मी ते त्या दिवशी संध्याकाळी केलं. सकाळी मी फक्त एवढंच पाहिलं, की अडीचशे किलोची तोफ क्षणभर थरथरली आणि मग चतुर्थीला सिद्धिविनायकाला आल्यासारखी प्रदक्षिणा घालू लागली. पहिल्या फेरीत धुक्याने ए टॉवर, बी टॉवर, नारळ, सौभाग्यवती आणि प्रेसिडेंटसाहेब यांना समान वागणूक दिली. दुसऱ्या फेरीत पाण्याचा पाइप आणि ती मनगटाएवढी केबल तोफेच्या कमरेला नऊवारीसारखी गुंडाळली गेली. मी बटण सोडलं. मोटर थांबली. तोफ थांबली नाही. फ्रीव्हील म्हणजे काय, हे उतारावर पायडल न मारता सायकल सोडलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं: पाय थांबले तरी चाक थांबत नाही. टिक्-टिक्-टिक्-टिक् असा शांत आवाज करत तोफ पुढची अर्धी फेरी गेली, पाइपाची जोडणी निसटली आणि एसटीपीचं पाणी आपल्या सगळ्या पूर्वेतिहासासह प्रेसिडेंटसाहेबांच्या बंदगळ्यावर आलं.

ताऊने विडी पुन्हा पेटवली.

फ्रीव्हीलचा दुसरा गुण असा, की ते एकाच बाजूला जोर लावतं. तोफ उजवीकडे वळायची, डावीकडे म्हणून नाही. घरी आल्यावर मी हे सांगितलं तर ही म्हणाली, “उजव्या सोंडेचं दैवत कडक असतं. सोवळं लागतं. तुम्ही आंघोळ न करता गेला होतात.” मी आंघोळ करूनच गेलो होतो. पण त्यानंतर अंगाला जो वास येत होता, त्यावरून कोणाचाही विश्वास बसला नसता.

दुसऱ्या प्रयत्नात उस्तादाने फ्रीव्हील वेल्डिंग करून मुकं केलं आणि मध्ये आणखी दोन चक्रं टाकून वेग मिनिटाला दोन फेऱ्यांवर आणला. तोफ डावीकडे वळायची तर मोटरच्या तारा उलट कराव्या लागतात, त्यासाठी सहा पायांचा स्वीच घेतला. उजवीकडे ती सुंदर वळली. डावीकडचं बटण दाबलं आणि मोटरमधून धूर यायला लागला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच निरोप झळकला: ‘सी टॉवर के पीछे कोई पराली जला रहा है.’ धूर घालवायच्या यंत्रातून धूर निघतोय, हे लोकांच्या मनातही आलं नाही, ही माझ्यावर झालेली मोठी कृपा.

रात्री नाइलाजाने साडूंना फोन लावला.

“अहो, वायपर मोटरची बॉडीच अर्थ असते,” साडू म्हणाले. “तारा उलट केल्या की सगळा करंट बॉडीतून ट्रॅक्टरच्या सांगाड्यात. मोटरखाली रबर घातलं नाहीत?”

“घातलं होतं,” मी म्हणालो. “जरा पातळ पडलं.”

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या हवाई चपलेचा तळ कापला. डाव्या पायाची मोटरखाली गेली, उजव्या पायाच्या चकत्या कापून बोल्टांना घातल्या. ही युक्ती सांगतो, कारण अख्ख्या प्रकरणात पहिल्या झटक्यात जमलेली ती एकमेव गोष्ट आहे. आता प्रश्न उरला दोन्ही टोकांना तोफ आपोआप थांबवण्याचा, म्हणजे पुन्हा नऊवारी नेसायला नको. तिथे एक छोटा स्वीच लागतो, दाबला गेला की प्रवाह तोडणारा. असे स्वीच बाजारात वीस रुपयांना मिळतात. पण तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते, आणि मला एकाएकी आठवलं, की दार लागलं की फ्रिजचा दिवा बंद करणारा जो असतो, तो हाच. आमच्याकडे दोन फ्रिज आहेत.

तोफ चालली. खरंच चालली. डावीकडे सावकाश, उजवीकडे सावकाश, टोकाला टक् करून थांबे. मी व्हिडिओ काढला, पार्श्वसंगीत घातलं आणि मिनेसोटाला पाठवला. साडूंनी अंगठा पाठवला. नुसता अंगठा. मेव्हणीबाईंनी ‘अगं बाई’ लिहिलं, पण शेवटी उद्गारचिन्ह नव्हतं. त्यानंतरचे दोन दिवस मी लिफ्टमध्ये लोकांना आधी आत जाऊ देत होतो. मोठी माणसं असंच करतात.

तिसऱ्या दिवसापासून लोकांना दिशा फुटल्या.

हँडल होतं तेव्हा तोफ कुठे तोंड करते, याची अडीचशे कुटुंबांत एकालाही फिकीर नव्हती. ‘ती फिरवायला दोन माणसं लागतात’ असं म्हटलं की विषय संपे, कारण दोन माणसं म्हणजे आपण दोघं, हा धोका असे. आता एका बोटाचं काम झालं आणि प्रत्येकाकडे एक बोट होतंच. ए टॉवरचं म्हणणं, आमच्याकडे अजिबात नको. बाल्कनीतल्या कपड्यांना वास येतो. बी टॉवरचं म्हणणं, मेंटेनन्स आम्हीही भरतो, मग धुकं फक्त ए टॉवरला का? तळमजल्यावरच्यांच्या गाड्यांवर धूळ आणि पाणी मिळून चिखलाचे ठिपके पडले. एक गृहस्थ रोज सकाळी भिंग घेऊन ते मोजत आणि मोजमाप मला पाठवत. सी टॉवरच्या एका ताईंनी वास्तुशास्त्राप्रमाणे जलतत्त्व ईशान्येला असावं, असं सुचवलं. ईशान्येला ए टॉवर. ताऊच्या हातात बटणाची पेटी होती, त्याच्याभोवती गर्दी जमे. पाचव्या दिवशी त्याने ती पेटी माझ्या हातात ठेवली.

“बाबूजी, इसनै आप ही संभालो. हैंडल तै किसी नै कदे ना पूच्छा.”

इथे थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, भांडण पेटीच्या वायरीमुळे आहे. वायरच काढली तर? लाजपतराय मार्केटातून स्वस्तातला रिमोटचा संच आणला आणि रिमोट स्वतःच्या खिशात ठेवला. पहिल्या सकाळी रिमोट खिशात असतानाच तोफ वळली. मग पुन्हा. दिवसभर ती डावी-उजवी करत राहिली, रात्री अकराला तर पाच मिनिटांत चार वेळा. वॉचमनने शेवटी कोडं सोडवलं: गेटवरचा आडवा बांबू उघडायचा रिमोट आणि तोफेचा रिमोट यांची भाषा एकच होती. कोणी गाडी घेऊन आत आला, की बांबू वर जाई आणि तोफ वळून त्याला सलामी देई. पाहुण्यांना ते फार आवडलं. प्रेसिडेंटसाहेबांच्या व्याह्यांना मान देतानाही तोफ सुरूच होती, हे मात्र त्यांना आवडलं नाही.

शेवटचा घाव कर्नलसाहेबांनी घातला. कर्नलसाहेब बी टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांच्या बाल्कनीत हवा मोजायचं खासगी मीटर आहे, आणि दर अर्ध्या तासाचा आकडा ते वहीत लिहून ठेवतात. विशेष सर्वसाधारण सभेत ते वही घेऊन उभे राहिले. “सकाळी साडेसहा, तोफ बंद, 412. सात वाजता तोफ सुरू, तोंड माझ्याकडे, 690. साडेसात, तोंड ए टॉवरकडे, 405.” सभागृहात शांतता पसरली. मी समजावून सांगितलं, की असलं मीटर लेझरचा प्रकाश किती विखुरतो त्यावरून कण मोजतं, त्याला पाण्याचा थेंब आणि धुळीचा कण यातला फरक कळत नाही, तेव्हा तो आकडा धुक्याचा होता, प्रदूषणाचा नव्हता. इतकं शुद्ध शास्त्रीय वाक्य मी नोकरीत असतानाही कधी बोललो नव्हतो. कर्नलसाहेबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही म्हणता, तोफ खरी आणि मीटर खोटं.”

“तसंच.”

“मीटर माझं आहे.”

यावर शास्त्राकडे उत्तर नव्हतं. मग सभा तीन तास चालली. वेळापत्रक करावं, टॉवरनुसार वार वाटून द्यावेत, मतदान घ्यावं, तोफ पूर्ण आभाळाकडे करावी अशा सूचना आल्या. आभाळाकडची सूचना जवळजवळ मंजूर होत आली होती, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, की वर गेलेलं खाली येतं. अखेर रात्री साडेनऊला, जेवणाच्या ओढीने, ठराव एकमताने मंजूर झाला: तोफेचं तोंड कायमचं कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटकडे ठेवावं, कारण तिकडे कोणी राहत नाही, मोटर काढून टाकावी, आणि तोंड कोणालाही सहज वळवता येऊ नये म्हणून मूळचं जड हँडल परत बसवावं. ठराव मांडला प्रेसिडेंटसाहेबांनी, अनुमोदन कर्नलसाहेबांनी. मी आभारप्रदर्शन केलं.

ताऊने सीटखालून हँडल काढलं. त्याला तेल लावलेलं होतं.

मोटर पडून आहे. येत्या गौरी-गणपतीत मखरामागचं चक्र फिरवायला लावीन म्हणतो. गती कमी करून घेतली आहे. दोन्ही फ्रिजचे दिवे आता दार उघडलं तरी लागत नाहीत, आणि रात्री चाचपडत दही काढताना ही अजून “ताईचे यजमान…” एवढंच म्हणते. त्या रिकाम्या प्लॉटवर मात्र सगळा हिवाळा रोज पाणी पडल्यामुळे फेब्रुवारीत कमरेएवढा हिरवागार चारा उभा होता. ताऊच्या दोन्ही म्हशी तिथे चरतात. दूध आम्ही त्याच्याकडूनच घेतो. लिटरमागे पाच रुपये जास्त पडतात, पण दूध घणं चांगलं आहे.